सकाळच्या शेवया

शेवयाला सकाळ लागते. हे ज्याला माहीत नाही त्याला शिवकन्याकाकूची गोष्ट नीट कळायची नाही, म्हणून ते आधी सांगते. आदल्या रात्री तिंबून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं सपीट सकाळी मऊ येतं. मशीनच्या जाळीतून ते केसांसारखं बारीक उतरतं, काठीवर टांगलं जातं आणि दिवसभराचं ऊन मिळालं की संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतं. अशी शेवई वर्षभर टिकते. तीच दुपार टळल्यावर केली तर ऊन पुरत नाही. रात्रभर ती ओलसर राहते, पिवळी पडते आणि पुढं दुधात शिजवली की आंबूस वास मारते. पीठ तर वाटच बघत नाही. आमच्याकडच्या वैशाखात तिंबलेला गोळा दुपारपर्यंत हातातून जातो.

म्हणजे मशीन सगळ्यांसाठी एकच असलं तरी सकाळ सगळ्यांना पुरत नाही. ती कुणाच्या वाट्याला यावी, हा प्रश्न आमच्या गावानं फार पूर्वीच सोडवून टाकला होता. कुणालाही न विचारता.

आमचं गाव बेंबळीच्या पुढं, डांबरी सोडून आत. शिवकन्याकाकू आमच्या आळीची. नवरा, महारुद्रकाका, साखर कारखान्यावर हंगामी कामाला. शेवयाचं मशीन काकूनं स्वतः लातूरला जाऊन, चालवून बघून आणलं आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडात बसवलं. होळी झाली की मृग लागेपर्यंत ती त्या शेडात असते. लुगड्यावर महारुद्रकाकांचा कारखान्यातला जुना खाकी शर्ट, त्याच्या खिशात मोबाईल, मनगटापर्यंत पिठाचा पांढरा हात. बोलताना ती समोरच्याकडं बघत नाही, जाळीतून उतरणाऱ्या शेवयांकडं बघते. तिला शिष्ट समजणारे लोक गावात बरेच आहेत. खरं तर धार तुटू नये म्हणून ती बघत असते.

पूर्वी मशीनवर नंबर भांड्यानं लागायचा. उजाडताना बायका आपापलं पातेलं, डबा, घमेलं शेडपुढं ओळीनं ठेवून घरच्या कामाला परत जायच्या. भांडं म्हणजे बाईच. प्रत्येकीचं भांडं ओळखीचं, बहुतेकांवर नाव घातलेलं. आमच्या पातेल्यावर माझ्या आजीचं नाव होतं आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली तरी रांगेत तीच उभी असायची.

या ओळीत मोठ्या घराचं एक पितळी घमेलं असायचं. मोठं घर म्हणजे अमरसिंहदादांचं. त्यांच्याकडं कुठलं पद नाही, पण गावात काही व्हायचं असलं की त्यांना विचारून होतं. घमेलं सगळ्यात उशिरा यायचं. मशीन सुरू व्हायच्या वेळेला मात्र ते सगळ्यात पुढं असायचं. कुणी सरकवलं, हे कुणीच पाहिलेलं नसायचं. पुढच्या सगळ्या भांड्यांना एकेक जागा मागं जावं लागायचं, आणि मागं जाता जाता कुठलं तरी एक भांडं पार शेवटाला पोचायचं. ते नेमकं धुरपदाबाईंचं असायचं.

धुरपदाबाई रोजानं दुसऱ्यांच्या रानात जातात. नवरा नाही, मुलगा कुलदीप पुण्याला कंपनीत. खुरपणीला जायचं म्हणून त्या भल्या सकाळी आपलं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवून निघून जायच्या. दिवस मावळताना परत यायच्या, तेव्हा पातेलं तिथंच, शेवटाला. फडक्याखालचं पीठ सैल पडलेलं. काकू जमेल तेवढं सावरून त्यांच्या शेवया करून द्यायची. अंधार पडताना त्या काठ्या घेऊन घरी जायच्या. त्यांच्या घरच्या शेवया पिवळ्या असतात, असं गावातल्या बायका सहज बोलायच्या, जणू तो त्या घराचा गुण होता.

मला या गोष्टीचा जेवढा राग येतो तेवढा काकूला येत होता की नाही, ते तिच्या तोंडावरून कधी कळलं नाही. एकदा महारुद्रकाकांची दाढ दुखत होती म्हणून ती त्यांना घेऊन धाराशिवला गेली. तिथं दातवाल्या डॉक्टरकडं मोबाईलवर नंबर लावायचा होता. लोक आपापल्या वेळेला येत होते, दार ढकलून आत जात होते. कुणी कुणाला ओलांडत नव्हतं. येताना बसमध्ये ती काकांना म्हणाली, “दाताला नंबर लागतो तर शेवयाला का न्हाय?” काकांच्या तोंडात कापूस होता, त्यामुळं विरोध झाला नाही, असं ती नंतर सांगायची.

धाराशिवला लग्नपत्रिका छापणारा उत्कर्ष नावाचा एक मुलगा दुकानात बसून वेबसाईटीही करून देतो. त्यानं तिला एक साधं पान करून दिलं. दिवस निवडायचा, तास निवडायचा, नाव घालायचं, पीठ किती ते लिहायचं. घेतलेला तास लाल होतो, मोकळा हिरवा राहतो. कुणाचा नंबर कितवा, हे सगळ्या गावाला दिसतं. काकूला हवं होतं ते एवढंच, सगळ्यांना दिसणारं.

पहिल्या वर्षी ते पान मोबाईलच्या नेटवर चाललं, म्हणजे चाललंच नाही. आमच्या गावात नेट गच्चीवर येतं, तेही वारं बघून. पान उघडायला लागलं की मधोमध चकरी फिरत राहायची. एकीनं तास घेतला तरी दुसरीला तो हिरवाच दिसायचा, आणि दोघी तिंबलेलं पीठ घेऊन एकाच वेळी दारात. लाईटचं वेळापत्रक बदललं म्हणून काकू निरोप धाडायची, उद्या पीठ भिजवू नका. तो निरोप बायकांना भिजवून झाल्यावर मिळायचा. शहरातल्या माणसाला थोडा उशीर म्हणजे काय, ते कळणार नाही. इथं निरोप पिठात पाणी पडायच्या आधी आला तर निरोप. नंतर आला तर पीठ गेलं, दिवस गेला आणि काकू खोटी पडली. बायका तोंडावर म्हणायच्या, आम्हाला खेळवतीस का. घमेलं परत चालायला लागलं.

खरं तर वेगवान नेटची वायर गावात येऊन पडलेली होती. सगळा रस्ता उकरून ती पंचायतीपर्यंत आणली होती आणि तिचा डबा कपाटात कुलपात होता. काचेतून आतला हिरवा दिवा लुकलुकताना दिसायचा. ज्या गावात दहावीची पोरं निकाल बघायला झाडावर चढतात, त्या गावात तो दिवा कपाटात कुणासाठी जळत होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. काकू जोडणी मागायला गेली तेव्हा तिथं बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, “फास्ट नेटनं शेवया जास्त बारीक पडणार हायत का?” सगळे हसले. काकू म्हणाली म्हणे, “न्हाय. येळेवर पडतील.” आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. तिला नाही म्हणायचा त्यांना कंटाळा येईपर्यंत ती जात राहिली.

शेवटी जोडणी मिळाली. पंचायतीपासून काकूच्या शेडापर्यंत जवळची वाट अमरसिंहदादांच्या गोठ्यावरून जात होती. दादांनी हसून परवानगी दिली. गोठ्याच्या पत्र्याला खिळा मारून त्यावरून वायर आली. त्या नेटचा पासवर्ड काकूनं सगळ्या बायकांना देऊन टाकला.

त्या उन्हाळ्यात शेडापुढं पहिल्यांदा भांडी दिसली नाहीत. बायका आपल्या तासाला यायच्या, शेवया करून काठ्या तोलत घरी जायच्या. रिकामं अंगण बघून आधी वाटायचं, मशीन बंद आहे की काय. आत मात्र मोटार फिरत असायची. बेंबळीच्या बायका टेंपो करून यायला लागल्या, कारण आपला तास ठरलेला आहे आणि जाऊन ताटकळावं लागणार नाही, याची त्यांना खात्री होती. काकूनं कुरडयांचा साचा आणला, पापडाचं मशीन आणलं. लाईट जाणार असली की तिचा निरोप क्षणात सगळ्यांकडं पोचायचा आणि कुणाचं पीठ वाया जायचं नाही. पुण्यात, मुंबईत असलेली पोरं तिकडून आपापल्या आयांचे नंबर लावायची. कुलदीपनं धुरपदाबाईंसाठी सकाळचा पहिला तास लावला. त्या शेवया करून, पत्र्यावर काठ्या मांडून कामाला गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्या दारावरून जात होते. त्या पायरीवर बसून मांडीवरच्या वाळलेल्या शेवयांवरून नुसता हात फिरवत होत्या. शेवया पांढऱ्या होत्या.

यंदा मोठ्या घरात पाहुणे यायचे होते. अमरसिंहदादांच्या पत्नी, हर्षालीवहिनी, यांनी काकूला निरोप धाडला की उद्या सकाळी पहिलं आमचं करा. काकूनं उलट निरोप दिला, उद्याचे तास भरले आहेत, परवाची सकाळ हिरवी आहे, पानावर लावून ठेवा. वहिनींना सकाळ मिळत नव्हती असं नाही. अंगठा टेकवला असता तर मिळाली असती. पण सगळ्यांनी लावायचा तसा नंबर लावायचा, हे त्या घराच्या सवयीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायर तुटली. गोठ्याचे पत्रे बदलताना तुटली, असं सांगण्यात आलं. पत्रा एकच बदलला होता, ज्याला खिळा होता तो.

काकूनं कंपनीला फोन केला. तक्रार नोंदवली आहे, असं तिकडून एक गोड आवाज म्हणाला. परत केला, परत नोंदवली. माणूस काही आला नाही. मग ती रोज दिवस कलताना बेंबळी रस्त्याच्या वळणापर्यंत चालत जायची. तिथं मोबाईलला भरवशाचं नेट येतं. उद्याचे नंबर बघून, डोक्यात ठेवून परत यायची. बायकांनाही हे कळलं होतं. अंगणात एकेक भांडं परत दिसायला लागलं होतं.

अशाच एका दिवशी ती वळणावरून आली तेव्हा उद्याचा पहिला तास मोकळा होता. ती परत आल्यावर कुलदीपनं पुण्याहून तो लावला आणि शेजारच्या फोनवर आईला कळवलं. धुरपदाबाईंची लेक उन्हाळ्याला माहेरी आली होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं सासरी निघणार होती. शेवया निघता निघता वाळणाऱ्या नव्हत्या, पण सकाळच्या उन्हात निदान डब्यात भरण्याइतक्या सुकल्या असत्या, आणि उरलेलं ऊन तिनं सासरच्या अंगणात दिलं असतं. आईनं केलेल्या शेवयांचा डबा घेऊन लेक परत जाते, एवढंच.

मीही त्या सकाळी आमचं पातेलं घेऊन गेले होते. सगळ्यात पुढं पितळी घमेलं होतं आणि त्याच्याशेजारी हर्षालीवहिनी स्वतः. पहिला तास मोकळा आहे हे त्यांना कळलं होतं. धुरपदाबाई आल्या आणि त्यांनी काकूला सांगितलं की माझ्या लेकानं पुण्याहून नंबर लावलाय, पहिला.

“पुण्याहून लावला व्हय,” वहिनी म्हणाल्या. “मग शेवया बी पुण्यालाच करा म्हणावं.”

दोघी-तिघी हसल्या. हसणाऱ्यांत वहिनींच्या रानात कामाला जाणाऱ्याही होत्या. काकूनं कुलदीपला फोन लावून बघितला. त्याच्या कंपनीत फोन गेटवर जमा करून घेतात. घंटा वाजत राहिली.

धुरपदाबाई म्हणाल्या, “मी कशाला खोटं बोलू शिवकन्या?”

“मावशी, तुमी खोटं बोलत न्हाय. मला ठावं हाय.”

“मग कर की चालू.”

काकू पहिल्यांदाच मशीनकडं न बघता सगळ्यांकडं बघत बोलली. “आज तुमचं खरं धरलं तर उद्या दुसरीचं धरावं लागंल. परवा जिचा आवाज मोठा तिचं. वळणावर जाऊन मी एकटीनं बघून आले तरी तुमाला ते माझ्याच तोंडचं. मला कुणाचंच खरं-खोटं धरायचं न्हाय. तेवढ्यासाठीच ती वायर आणली व्हती.” आणि तिनं मोटारीची पिन काढून शर्टाच्या खिशात टाकली. वायर जोडली जाईपर्यंत मशीन चालणार नव्हतं.

बायका तिच्यावरच चिडल्या. माझी सुद्धा चिडचिड झाली, पीठ आमचंही होतं. पातेल्यांमध्ये गोळे हळूहळू सैल होत होते आणि उन्हं अंगणात पुढं सरकत होती. वहिनी म्हणाल्या, एवढा माज बरा न्हाय काकू. मग धुरपदाबाईंनी आपलं पातेलं उचललं, डोक्यावर घेतलं आणि चालायला लागल्या. कुठं निघालात, असं कुणीतरी विचारलं. त्या मागं न बघता म्हणाल्या, “वायर तुटली तिथं.”

त्यांनी पातेलं मोठ्या घराच्या गोठ्याच्या फाटकापुढं ठेवलं. त्यामागं काकूनं आपलं रिकामं टोपलं ठेवलं. मग एकेक जण येत गेली. मी आजीच्या नावाचं पातेलं ठेवलं. मशीनपुढं लागायची तशी ओळ फाटकापुढं लागली, फक्त पितळी घमेलं त्यात नव्हतं. दुधाच्या कॅनची मोटारसायकल आत अडकली.

अमरसिंहदादा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. रागावलेले दिसत नव्हते. गंमत वाटल्यासारखं बघत त्यांनी विचारलं, “काय शिवकन्यावहिनी, मोर्चा काढलाव व्हय?”

“मोर्चा न्हाय दादा,” काकू म्हणाली. “नंबर लावलाय.”

ते हसले. मग समजुतीच्या सुरात त्यांनी गावाच्या जुन्या दिवसांबद्दल थोडं सांगितलं, एकोप्याबद्दल, एकमेकांना सांभाळून घेण्याबद्दल. पत्रा जुना झाला होता, कामगारांकडून चूक झाली, एवढ्याशा वायरीसाठी बायकांनी दारात यावं हे बरं दिसत नाही. शेवटी म्हणाले, “नेट नव्हतं तवा शेवया खात नव्हतो का आपण?”

“खात व्हतो की,” काकू म्हणाली. “सकाळच्या तुमी, सांजच्या आमी.”

तिचा आवाज चढला नव्हता. मोटारसायकलवाल्यानं इंजिन बंद केलं. दादांच्या तोंडावरची गंमत कुठं गेली ते मी बघत होते. आजवर त्यांच्या घरात वाढलेली प्रत्येक पांढरी शेवई कुणाच्या तरी सकाळमधून आली होती. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. दारात उभं राहून कुणी ते बोललेलं मात्र त्यांनी ऐकलं नव्हतं. मागं वहिनींचं घमेलं घेऊन एक बाई उभी होती, आणि त्यातलं पीठही उन्हात आंबत होतं. त्यांनी खिशातून फोन काढला, एक नंबर लावला, कुणाशी तरी थोडंसं बोलले आणि आत गेले.

दुपार व्हायच्या आत कंपनीची गाडी आली. माणूस मुरूम गावाकडचा होता, गुरुसिद्धप्पा नावाचा. शिडी उतरवता उतरवता तो ओशाळून म्हणाला, “तुमची तक्रार आमच्याकडं होती अक्का. पण वरून फोन आल्याबिगर गाडी निघत न्हाय बघा.” काकूनं दिवसामागून दिवस केलेले फोन आणि दादांचा एक फोन. मी हे लिहिताना शब्द जपून वापरते आहे.

तो गोठ्याच्या नव्या पत्र्याला शिडी लावायला लागला तेव्हा काकूनं त्याला थांबवलं. गोठ्यावरून नको, म्हणाली. मग कुठून न्यायची, दुसरीकडून लांब पडतं, त्यानं विचारलं. आपल्या छपरावरून वायर न्या म्हणणं म्हणजे उद्या रानातलं काम जाणं, हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं. धुरपदाबाईंनी हात वर करून खालच्या आळीकडं दाखवलं. “माझ्या पत्र्यावरून न्या. लई खिळे हायत तिथं.”

वायर लांबून, खालच्या आळीतल्या घरांवरून आली. शेडातल्या डब्याचा दिवा हिरवा झाला आणि काकूच्या खिशातला मोबाईल वाजला. आदल्या दिवशी अडकलेला निरोप होता. ती पिठाचा हात शर्टाला पुसून तो धुरपदाबाईंपुढं धरून उभी राहिली.

“काय लिवलंय?” त्यांनी विचारलं.

“तुमचा नंबर हाय मावशी. पहिला.”

धुरपदाबाईंनी पातेल्यावरचं फडकं उचललं, गोळ्यात बोट दाबलं आणि बोटाचा वास घेतला. मग फडकं परत झाकलं. ते पीठ त्या दिवशी शेळ्यांना गेलं. त्यांची लेक दुपारच्या बसनं गेली. रिकामा डबा लेकीच्या हातात देत नाहीत, म्हणून त्यांनी त्यात भुईमुगाच्या शेंगा भरून दिल्या.

गावात आता ही गोष्ट सुखान्त म्हणून सांगतात. दादांच्या एका फोननं काम झालं, असंही सांगतात. मोठ्या घराचा नंबर आता पानावर लागतो, तो लाल झालेला मी पाहिला आहे. पितळी घमेलं त्याच्या तासाला येतं आणि जातं. पण एका बाईची सकाळ एका खिळ्यावर टांगलेली असते आणि तो खिळा दुसऱ्याच्या मालकीचा असतो, हे मला सुखान्त वाटत नाही. त्या दिवशीचं पीठ कुणी परत दिलं नाही. धुरपदाबाईंना मोठ्या घरच्या रानात त्यानंतर बोलावणं आलेलं नाही. त्या आता बेंबळीच्या बाजूला कामाला जातात, लांब.

पुढच्या वेळी त्यांचा नंबर काकूनं स्वतःच्या हातानं लावला, पहिला. त्यांच्या पत्र्यावर आता एका बाजूला शेवयांच्या काठ्या असतात आणि त्यांच्यावरून, बांबूला बांधलेली, काळी वायर काकूच्या शेडाकडं जाते. कामाला निघण्याआधी त्या हातात लांब काठी घेऊन कावळे हाकलतात. आधी वायरीवरचे, मग शेवयांवरचे.